घरी बांधलेल्या सेव्हनचं स्टिअरिंग जलद करताना

लोटस सेव्हन ही हलकी, उघडी स्पोर्ट्स गाडी १९५७ साली आली आणि सुरुवातीपासून सुट्या भागांच्या किटमध्येही मिळायची. १९७३ पासून केटरहॅम तिची निर्माती झाली. त्याच धाटणीची गाडी चौकोनी नळ्या वेल्ड करून स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधणारे ब्रिटनमध्ये आजही खूप आहेत. पुढच्या भागाचा साचा बहुतेकांचा ठरलेला असतो: फोर्ड एस्कॉर्टचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) आणि कॉर्टिनाचे अपराइट (चाकाचा हब धरणारे उभे भाग). शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांपैकी कुणी अशी गाडी हाती घेतली असेल, किंवा इकडे कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थी स्वतः रेसिंग गाडी बांधतात ती स्पर्धा) स्टिअरिंगचं काम अंगावर आलं असेल, तर पहिला प्रश्न हाच येतो की स्टिअरिंग इतकं संथ का, आणि जलद कसं करायचं?

संथ असण्याचं कारण साधं आहे. एस्कॉर्टचा मूळ रॅक बंद छताच्या, पुढून जड असलेल्या गाडीसाठी होता, म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन फेऱ्या. सेव्हन जेमतेम साडेपाचशे-सहाशे किलोची. तिला एवढी मदत लागतच नाही. म्हणून रॅलीसाठी निघालेले २.९ किंवा २.४ फेऱ्यांच्या आसपासचे रॅक या गाड्यांना छान बसतात. फक्त फेऱ्या मोजून रॅक निवडू नका. रॅकमध्ये लिमिटर (रॅकला अलीकडेच थांबवणारी कॉलर) टाकून चाक वळणंच कमी केलं, तरी फेऱ्या कमी होतात आणि स्टिअरिंग तसूभरही जलद होत नाही. मोजायचा असतो तो रेशो, म्हणजे चाक एक अंश वळायला हँडल किती अंश फिरवावं लागतं ते.

त्यासाठी दोन मापं लागतात. पहिलं, स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेरीत रॅक किती मिलिमीटर सरकतो. रॅकचा रबरी बूट मागे सारा, हाउसिंगच्या तोंडापासून आतल्या बॉल जॉइंटपर्यंत व्हर्नियरने मोजा, बरोबर एक फेरी फिरवा, पुन्हा मोजा. दुसरं, स्टिअरिंग आर्मची लांबी (अपराइटवरचा हा हात टाय रॉड नावाच्या दांडीने रॅकला जोडलेला असतो). इथे नवशिके हमखास चुकतात, कारण ते आर्मवर पट्टी धरून बोल्टपासून बोल्टपर्यंत मोजतात. हवं असतं ते टाय रॉड एंडच्या केंद्रापासून किंगपिनच्या अक्षापर्यंतचं काटकोनातलं अंतर. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटच्या केंद्रांतून जाणारी रेषा म्हणजे तो अक्ष. दोन्ही केंद्रांतून जमिनीवर ओळंबा सोडा, खडूने खुणा करा, टाय रॉड एंडच्या उंचीला अक्ष कुठे येतो ते दोन खुणांमध्ये प्रमाणाने काढा आणि तिथून मोजा. मग ६.२८ गुणिले आर्मची लांबी भागिले एका फेरीतलं सरकणं, हा स्टिअरिंग सरळ असतानाचा रेशो.

उदाहरण घेऊ. आर्म ११० मिमी. रॅक फेरीला ३७ मिमी सरकत असेल तर रेशो १८.७. तोच ४४ मिमी असेल तर १५.७ आणि ५५ मिमी असेल तर १२.६. रस्त्यावर चालणाऱ्या हलक्या गाडीला बाराच्या आसपास थांबावं असं आमचं ठाम मत आहे. त्याखाली गेलं की हायवेवर शिंक आली तरी लेन बदलेल. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या चार-पाचापर्यंत जातात, पण त्यांचा ट्रॅक अरुंद आणि सततच्या वळणांचा असतो. तिथे हँडलवरून हात उचलायला वेळच नसतो.

रेशो कमी करायचे मार्ग तीन आहेत: रॅक-पिनियन (रॅक आणि त्याला सरकवणारं छोटं दातेरी चाक) बदलणं, आर्म आखूड करणं, किंवा कॉलममध्ये (हँडलपासून रॅककडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये) क्विकनर बसवणं. आर्म आखूड करणं स्वस्त दिसतं, म्हणून सगळे आधी तिकडे वळतात. आम्ही तो मार्ग शेवटी ठेवू. ११० चा आर्म ९५ वर आणला तर ४४ मिमीच्या रॅकवर रेशो १३.६ होतो, हे खरं. पण चाक वळवायला लागणारा जोर तेवढाच राहतो आणि आर्म आखूड झाल्यामुळे टाय रॉड, रॅक, क्लॅम्प आणि चासीवरचा ब्रॅकेट या सगळ्यांवरचा ताण १६ टक्क्यांनी वाढतो. शिवाय रॅक दोन्ही बाजूंना ६५ मिमी सरकत असेल, तर पूर्ण लॉकला (हँडल टोकापर्यंत फिरवल्यावर) चाक आधी सुमारे ३६ अंश वळत होतं, ते आता ४३ अंश वळतं. टायर विशबोनला (सस्पेन्शनच्या हाताला) किंवा चासीला घासतो, आणि आर्म व टाय रॉड एका रेषेत यायला लागले तर स्टिअरिंग लॉकवर अडकून बसू शकतं. ते टाळायला दोन्ही बाजूंना साधारण ९ मिमीची कॉलर टाकावी लागते. कास्ट आर्म तापवून वाकवणं किंवा कापून वेल्ड करणं हा तर विषयच नको. तो भाग तुटला की हातात गोल फिरणारं चाक उरतं, बाकी काही नाही.

रॅक-पिनियन बदलल्यावर टाय रॉडवरचा ताण आहे तेवढाच राहतो. वाढतो तो कॉलममधला पीळ आणि तुमच्या हाताचा जोर: ४४ वरून ५५ ला गेलात तर २५ टक्के. हलक्या गाडीत तो हात सहज सोसतात. जड वाटलंच तर ३०० मिमीऐवजी ३३० मिमीचं हँडल लावा, हातावरचा जोर सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो. नुसतं पिनियन मात्र बदलता येत नाही. जास्त दातांचं पिनियन जाड होतं, जुन्या हाउसिंगमध्ये त्याचं रॅकपासूनचं अंतर जमत नाही, आणि दातांचा तिरकेपणाही जुळावा लागतो. म्हणून दांडा आणि पिनियन जोडीनेच घ्यायचं.

घेताना चार गोष्टी ताडून पाहा. आतल्या दोन बॉल जॉइंटच्या केंद्रांमधलं अंतर जुन्याइतकंच हवं, नाहीतर पुढे बम्प स्टिअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) वाट पाहतोय. पिनियनच्या स्प्लाइनचे दात मोजून जुळवा. एका दाताचा फरक असला तरी यूजे (कॉलमचा वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट) हातोडीने आत जातो आणि तिथेच खराब होतो. टाय रॉडचे आटे इंचाचे की मिलिमीटरचे ते बघा. आणि रॅक उजव्या हाताच्या गाडीचा आहे ना, तो उलटा तर बसत नाही ना, हे बघा. पिनियन रॅकच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं, की हँडल उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे जातात. हे हास्यास्पद वाटेल, पण चाकं हवेत असतानाच तपासायचं.

क्विकनर म्हणजे कॉलममध्ये बसणारी छोटी गिअरपेटी, दीडपट किंवा दुप्पट. रॅक काढायची सोयच नसेल तेव्हा उपयोगी. तिच्या बॉडीला चासीवर भक्कम आधार द्या, आणि इनपुट-आउटपुट उलट बसवू नका, नाहीतर स्टिअरिंग उलट तेवढ्याच पटीने संथ होईल.

आता या कामातलं खरं मर्म: जलद रॅक बसवल्यावर प्ले (जोडांमधला ढिलेपणा) फसवतो. टाय रॉड एंडमध्ये अर्धा मिमी प्ले आहे असं धरा. ११० च्या आर्मवर चाक ०.२६ अंश मोकळं. १५.७ रेशोवर तो हँडलला ४.१ अंश जाणवायचा, १२.६ वर फक्त ३.३ जाणवतो. चाक तेवढंच मोकळं आहे, पण हाताला गाडी घट्ट झाल्यासारखी वाटते. उलट कॉलममधल्या यूजेचा किंवा स्प्लाइनचा प्ले आता चाकावर जास्त मोठा होऊन पोचतो. म्हणून काम करण्याआधी हँडलच्या कडेला टेप लावून प्ले मोजून लिहून ठेवा. नंतर तो आधीएवढाच आला, तर समाधान मानू नका. जोडणीत कुठेतरी नवा ढिलेपणा शिरला असू शकतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात हँडलवर जास्तीत जास्त ७ अंश प्ले चालतो. रस्त्यावरच्या गाडीत आम्ही त्याच्या निम्म्यावर समाधानी होऊ.

रॅकच्या क्लॅम्पकडेही बघा. क्लॅम्पमधलं रबर मऊ झालेलं असेल तर हँडल फिरवल्यावर आधी अख्खा रॅकच सरकतो. रॅक १ मिमी सरकला म्हणजे चाकाचा अर्धा अंश गेला. गाडी जमिनीवर ठेवा, हाउसिंग आणि ब्रॅकेटवर मिळून पेन्सिलची एक रेघ ओढा, एकाने हँडल हलवावं, दुसऱ्याने रेघ पाहावी. रेघ तुटली की क्लॅम्प बदला, शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसवा.

कॉलमचे यूजे नीट बसवा. एकच यूजे ३० अंशात वाकलेला असेल तर हँडल एकसारखं फिरवूनही रॅकचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी वर-खाली होतो. संथ स्टिअरिंगमध्ये ते कळत नाही, जलद स्टिअरिंगमध्ये हँडल मध्येच हलकं, मध्येच जड लागतं. दोन यूजे समान कोनात ठेवा आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एका प्रतलात आणा. पिंच बोल्ट स्प्लाइनच्या खाचेतून गेलाय ना, हे डोळ्यांनी पाहा.

मग बम्प स्टिअर. स्प्रिंग काढा, रॅक मध्यावर पक्का करा, हबवर सपाट फळी आणि तिला टेकवलेले दोन डायल गेज. जॅकने हब १०-१० मिमी वर-खाली करत ४० मिमीपर्यंत जा, प्रत्येक टप्प्याला दोन्ही आकडे लिहा आणि त्यांच्या फरकाचा आलेख काढा. रेघ सरळ पण तिरकी आली तर रॅकची उंची चुकली; क्लॅम्पखाली शिम (पातळ पट्ट्या) घाला किंवा काढा. रेघ कमानीसारखी वाकली, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे टो (चाकाचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) एकाच दिशेने बदलला, तर टाय रॉडची लांबी चुकली. शिमने ते कधीच सुटत नाही, आतले पिव्होटच हलवावे लागतात.

ब्रिटनच्या आयव्हीए तपासणीत (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची मंजुरी) वळणावरून स्टिअरिंग आपोआप मध्याकडे यायला हवं, हे बघितलं जातं. जलद रॅकवर घर्षण जास्त जाणवतं, म्हणून कॅस्टर (किंगपिनच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) पाच अंशांच्या आसपास ठेवा आणि रॅकचं प्रीलोड (दांड्याला पिनियनवर दाबून धरणारा दाब) अति आवळू नका. दांड्याच्या सर्वांत घट्ट जागी ते लावायचं. मध्यावर लावलं, तर झिजलेल्या मध्यामुळे कडेला रॅक अडकतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीकृत गाडीत असले बदल करायला परवानगी देत नाही, तेव्हा इथे हे ज्ञान ट्रॅकच्या गाडीपुरतंच वापरा.

शेवटी टो लावा, पुढे १ ते २ मिमी टो-इन. टाय रॉड एंडचे आटे व्यासाच्या दीडपट तरी आत असावेत, दोन्ही बाजूंना सारखेच. पूर्ण लॉकला ब्रेकचा होज ताणत नाही आणि टायर कुठे घासत नाही, हे चाकं हवेत आणि जमिनीवर दोन्ही वेळा बघा. मग मोकळ्या मैदानात चालवा, आणि शंभर किलोमीटरनंतर जॅम नट, पिंच बोल्ट व रॅकच्या क्लॅम्पवर पुन्हा टॉर्क पाना फिरवा.