पोट्टं चालत नाही म्हणून वॉकर आणू नका बापा

आमचं पोट्टं सव्वा वर्षाचं झालं तरी भिंत धरूनच फिरून राहिलं होतं न शेजारच्या काकू रोज विचारत, "अजून चालत नाही का?" टेन्शन घेऊ नका, कोणी दहाव्या महिन्यात चालते कोणी सोळाव्या, 18 महिने होऊनही स्वतःहून पाऊल टाकत नसेल तर मात्र डॉक्टरले दाखवा. वॉकर आणूच नका, त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट पायरीवरून गडगडायची भीती, कॅनडात तर 2004 पासून बंदीच आहे. घरात अनवाणी सोडा, मोजे घालून टाइल्सवर घसरते. सोफ्याच्या टोकाला आवडती वाटी ठेवा, धरत धरत जाते, मग वाटी शेजारच्या खुर्चीवर ठेवा न खुर्ची रोज जराशी दूर सरकवा. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी सकाळीच न्या, नंतर आपल्या नागपूरची फरशी म्हणजे तवा.

हाताच्या बोटांच्या सरावासाठी बेस्ट म्हणजे संत्रं. वरची थोडी साल तुम्ही काढा, बाकीची पोट्टं चिमटीनं ओढत बसते, रस सोफ्याले लागते ते वेगळं. फोडी बिया काढून, बारीक तुकडे करूनच द्या. फुटाणे-शेंगदाणे नको, घशात अडकतात.

वजन दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढते, उगाच वरणभात कोंबू नका.