जुनी ध्वनिमुद्रणं वाटताना या चुका टाळा

गेली तीसेक वर्षं मी मैफलींच्या टेप गोळा करतो, ऐकतो आणि गोडी असणाऱ्यांना देतो. माझं बरंचसं ऐकणं या देवाणघेवाणीवरच पोसलं गेलं, त्यामुळे कुणी काही पाठवलं की आजही हातातलं काम बाजूला ठेवून आधी ते ऐकतो. पण अलीकडे येणाऱ्या फायली ऐकताना जीव तुटतो. गाणं अस्सल असतं आणि वाटेतल्या चार हातांनी त्याचे हाल केलेले असतात. चुका त्याच त्या, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सुरुवातीचं निवेदन कापणं

सगळ्यात वाईट चूक ही. ‘गाणं चालू होईपर्यंत उगाच दोन मिनिटं जातात’ म्हणून लोक निवेदन, तानपुरे जुळवणं, तबल्यावरची ठाकठोक, शेवटच्या टाळ्या सगळं छाटून टाकतात. त्या दोन मिनिटांत तारीख असते, गाव असतं, साथीदारांची नावं असतात. गायकाचं नाव आवाजावरून ओळखता येतं, पण हार्मोनियमवर कोण होतं हे पुन्हा कुणाला विचारणार?

1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणं संपताच त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही सोय होती. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीतले काही क्षण त्यासाठी राखून ठेवलेले होते. आपल्याकडे तर जागेची काहीच अडचण नाही.

निवेदनाची किंमत मला कशी कळली ते सांगतो. साठच्या दशकातल्या एका खासगी बैठकीचा स्पूल टेप सांगलीकडच्या एका घरात होता. त्याची कॉपी तीन हातांतून माझ्याकडे आली, थेट पहिल्या स्वरापासून सुरू होणारी. गायक मोठे. एरवी पेटीवरच्या काळी एक या पट्टीत गाणारे, इथे चक्क पांढरी दोन, म्हणजे अर्धा स्वर वर. आम्ही तिघे मित्र वर्षभर यावर बोलत होतो. तरुणपणी आवाज कसा वर लागायचा, तानेला किती चपळाई होती, पुढे आजारपणामुळे पट्टी उतरली असणार, असे एकेक निष्कर्ष. एकानं तर त्यावर टिपणही लिहून काढलं.

मग त्याच बैठकीची दुसरी कॉपी कोल्हापूरच्या एका रसिकांकडून मिळाली. हिच्यात निवेदन शाबूत होतं. ते निवेदक मी रंगमंचावर कितीदा तरी ऐकलेले, भारदस्त आवाजाचे गृहस्थ. टेपमध्ये ते मिसरूड न फुटलेल्या पोरासारखे बोलत होते. तिथंच लख्ख प्रकाश पडला. टेप जोरात पळत होता.

खात्री करायला संगणकावर निवेदनापूर्वीची शांतता तपासली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. जुन्या मुद्रणात तिची बारीक गुणगुण उतरते आणि ती 50, 100 अशा पटींत दिसायला हवी. इथे ती 100 च्या जागी 106 वर होती. सहा टक्के वेग जास्त, म्हणजे बरोबर अर्धा स्वर वर. दुरुस्त केल्यावर 34 मिनिटांचा राग 36 मिनिटांचा झाला, पट्टी काळी एकवर आली आणि ती ‘चपळाई’ गेली. जे उरलं ते जास्त देखणं होतं. ठेहराव होता, श्वास घ्यायला जागा होती, सम येताना आधी कळत होती. वर्षभर आम्ही ज्याचं कौतुक केलं ते त्यांचं गाणं नव्हतंच.

तेव्हापासून माझी सवय अशी की नवी फाइल आली की आधी माणसांचं बोलणं आणि टाळ्या ऐकायच्या. बोलणं चिरकं, टाळ्या तडतड्या, तबल्याचा बायाँ (डावीकडचा डग्गा) पोकळ वाटला तर वेगावर संशय घ्यायचा. मग त्याच कलाकाराच्या दोन-तीन खात्रीच्या मुद्रणांशी पट्टी ताडून पाहायची. विजेच्या गुणगुणीवर एकटीवर विसंबू नका. ती नंतर कॉपी करणाऱ्या यंत्राची असेल तर वेग कितीही चुकलेला असला तरी बरोबर 100 वरच दिसते. आणि दुरुस्त करताना वेग बदला, नुसती पट्टी नव्हे. पट्टी चढली असते तेव्हा लयही चढलेली असते, दोन्ही एकत्रच उतरायला हवीत.

78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांना तर ही काळजी दुप्पट. नाव 78 असलं तरी सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग कंपनीगणिक, सत्रागणिक मागेपुढे व्हायचा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज इतका बारीक होता की नाही यावर तावातावानं बोलण्याआधी आपण ऐकतोय ती प्रत कुणी, कुठल्या वेगानं वाजवली हे विचारावं.

खरखर ‘साफ’ करणं

बटण दाबलं की खरखर जाते याचा नवशिक्यांना फार आनंद होतो. टेपची खरखर आणि तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजन) एकमेकांत मिसळलेली असते. एक काढायला गेलात की दुसरीही जाते. गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं, षड्जावरचा लांब स्वर संपताना मध्येच तुटतो. मी खरखरीला हात लावत नाही. कान पाच मिनिटांत तिला सरावतो. कुणाला साफच करायचं असेल तर मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी आणि साफ केलेलीच्या नावात तसं लिहावं.

आवाज सगळीकडे सारखा करून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. कुमारजी (कुमार गंधर्व) एखादा स्वर कुजबुजल्यासारखा लावून पुढचा फेकतात. तो चढउतारच सपाट केला तर राहिलं काय?

रागाचं नाव घाईनं लिहिणं

मागे एक तासाभराचं मुद्रण ‘भूप’ म्हणून फिरत होतं. लोकांनी त्यातल्या संध्याकाळच्या शांततेवर भरभरून लिहिलं. गाणं देशकार होतं, सकाळचं. स्वर दोन्हीकडे तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपात मुक्काम गंधारावर आणि देशकारात धैवतावर, सगळा डोलारा उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. सुरुवातीची दहा मिनिटं नीट ऐकली असती तरी कळलं असतं. मारवा, पूरिया आणि सोहनीचं तसंच. स्वर तेच, चालणं वेगळं. स्वर मोजून किंवा फोनमधल्या यंत्राला विचारून राग ठरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी बंदिश ऐका, गायक कुठे थांबतो ते ऐका, मग नाव लिहा. खात्री नसेल तर नावापुढे सरळ प्रश्नचिन्ह घाला. त्यात कमीपणा काही नाही. चुकीचं नाव एकदा चिकटलं की शंभर फोनमध्ये जातं आणि तिथून परत येत नाही.

याच्या उलटही होतं. जयपूर घराण्याचा एखादा राग आपण शिकलो तसा वाटला नाही की लोक लगेच ‘चुकलं’ म्हणून मोकळे होतात. त्या घराण्याच्या मन्सूरअण्णांच्या (मल्लिकार्जुन मन्सूर) गाण्यात चूक काढण्यापूर्वी त्यांच्या घराण्यात तो राग कसा गातात हे निदान दोन जणांकडून ऐकून घ्यावं. मोगूबाई कुर्डीकर ऐका, किशोरीताई आमोणकर ऐका. मग बोलू.

बाकीच्या थोडक्यात

एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री करू नका, दर वेळी काहीतरी झडतं. एमपीथ्रीचं फ्लॅक (काही न झडणारा फाइलचा प्रकार) केल्यानं झडलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं ऑडिओ म्हणून धाडलं की नाव जाऊन ‘एयूडी’ आणि आकडे उरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

‘अंतराळात गेलेलं केसरबाईंचं गाणं’ म्हणून केसरबाई केरकरांचं कुठलंही मुद्रण पुढे ढकलू नका. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर गेली ती भैरवीतली ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची.

जुनं म्हणजे फुकट नव्हे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे 60 वर्षं हक्क असतो. आणि खासगी बैठकीचं मुद्रण ज्यांनी विश्वासानं दिलं त्यांना विचारल्याशिवाय ते चव्हाट्यावर नेऊ नये. थकलेल्या वयातली, आवाज साथ देत नसलेली एखादी मैफल तर अजिबात नाही.

तीन मिनिटांच्या तबकडीवरून कुणाच्या विलंबित ख्यालाबद्दल मत देऊ नका.

आणि कॅसेट. संगणकावर उतरवून झालं म्हणून ती टाकून देऊ नका. ती कोल्हापूरची कॉपी ज्यांनी जपली त्यांच्याकडे डबीत एक चिठ्ठी होती, शाईच्या पेननं लिहिलेली. गाव, तारीख, राग, ताल तिलवाडा, तबला, पेटी, तानपुऱ्यावर कोण, टेप कुणी केला आणि कुणाकडून कॉपी घेतली. मी प्रत्येक फाइलसोबत आता तेवढंच लिहितो, शिवाय पट्टी आणि वेग बदलला असल्यास किती ते. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात तोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही मुद्रित होत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवा, बुरशी धरत नाहीये ना ते पाहा, आणि कोरड्या कपाटात उभी ठेवा.