कन्सोल इम्युलेशन साखळीत नेमकं कुठे लावायचं?

कन्सोल इम्युलेशन म्हणजे खऱ्या मिक्सिंग कन्सोलचा आवाजातला रंग संगणकावर आणणारं प्लगइन, आणि साखळी म्हणजे ट्रॅकवर एकापाठोपाठ लावलेली प्लगइन. खऱ्या कन्सोलमध्ये सिग्नल आधी लाइन इनपुटमधून आत येतो. मग फिल्टर, ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा), इन्सर्ट (मधे उपकरण किंवा प्लगइन जोडायची जागा), त्यानंतर फेडर आणि पॅन, आणि शेवटी सगळे चॅनल समिंग अँपमध्ये एकत्र होतात. कन्सोलचा रंग मुख्यतः दोन ठिकाणी चढतो: आत येताना आणि एकत्र होताना. म्हणूनच स्लेट डिजिटलचं व्हीसीसी घ्या किंवा वेव्ह्जचं एनएलएस, प्लगइन जोडीने येतं, एक चॅनलसाठी आणि एक बससाठी (जिथे चॅनल एकत्र होतात ती वाट). चॅनलवालं प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला आणि बसवालं मिक्स बसच्या पहिल्या इन्सर्टमध्ये, एवढं केलं तरी बहुतेक मिक्सचं भागतं.

सुरुवातीला म्हणजे दुरुस्तीनंतर. पिच करेक्शन, नॉइज काढणं, ड्रमचे सॅम्पल बदलणं ही कामं आधी उरका. हाय-पास फिल्टरही (अगदी खालचे आवाज कापणारा) शक्यतो आधीच ठेवा. गाताना ‘प’ किंवा ‘फ’वर माइकला बसणारा हवेचा धक्का बराचसा ४०-५० हर्ट्झच्या आसपास असतो. छोट्या स्पीकरवर तो ऐकूही येत नाही, पण इम्युलेशनला मात्र तो पूर्ण ताकदीने जाऊन भिडतो आणि तेवढ्यापुरता अख्खा शब्द चिरकतो. नंतर फिल्टर लावलात तर धक्का जाईल, चिरकणं तसंच राहील.

जागेइतकीच महत्त्वाची आहे लेव्हल. अशी बरीच प्लगइन उणे १८ डीबीएफएस (डिजिटल लेव्हल, यात ० म्हणजे कमाल) म्हणजे ० व्हीयू (सरासरी लेव्हल दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवरचा शून्य) असं धरून बनवलेली असतात. ट्रॅक उणे ६ला रेकॉर्ड झाला असेल आणि तो तसाच आत सोडला, तर कन्सोल नुसता तापत नाही, भाजून निघतो. बास, पॅड, गायन अशा सलग आवाजांना क्लिप गेनने (रेकॉर्ड झालेल्या तुकड्याचीच लेव्हल बदलून) किंवा आधी लावलेल्या ट्रिमने (फक्त लेव्हल बदलणाऱ्या प्लगइनने) इतकं कमी करा की काटा ०च्या आसपास डोलेल. किक-स्नेअरला हा नियम चालत नाही. व्हीयूचा काटा पूर्ण चढायला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो, स्नेअरचा ठोका तेवढ्यात येऊन गेलेला असतो. काटा ०वर आणायला गेलात तर ठोक्याचं टोक सपाट होईल. तिथे पीक मीटर बघा आणि उणे १० ते उणे ६च्या दरम्यान थांबा.

हे काम फेडरने होत नाही, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्ट फेडरच्या आधी येतो. अंतऱ्याला फेडर ३ डीबी वर नेला तर चॅनलचा रंग बदलणार नाही, बसवरच्या प्लगइनला मात्र तो फरक जाणवेल. खऱ्या कन्सोलमध्येही असंच होतं, त्यामुळे ही काही चूक नाही. चॅनलचाच रंग वाढवायचा असेल तर ट्रिमचं ऑटोमेशन लिहा.

ईक्यू आधी की नंतर, यावर वाद घालण्यापेक्षा बास गिटारवर करून बघा. इम्युलेशनच्या आधी ८० हर्ट्झ ६ डीबीने उचला: आता तेच मूळ स्वर सॅच्युरेशनला (रंग देणाऱ्या हलक्या विकृतीला) रेटतात, १६० आणि २४०ला हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) उगवतात, आणि फोनच्या स्पीकरवरही बासची ओळ कळते. अति झालं की तिथेच चिखल होतो. तीच उचल नंतर केली तर तळ भरतो, ओळ मात्र तितकी पुढे येत नाही. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) आधी असेल तर रंग सगळीकडे सारखा बसतो. तो नंतर असेल तर टोकं आधीच गोलावलेली असतात, म्हणून थ्रेशोल्ड (ज्या लेव्हलच्या वर तो दाबायला लागतो ती) पुन्हा लावावा लागतो. चढउतार फार असलेल्या गायनाला आम्ही २-३ डीबीचा जलद कॉम्प्रेसर आधी देऊ, बाकी सगळं नंतर.

एअरविंडोजच्या ‘कन्सोल’ नावाच्या प्लगइन जोडीची रीत वेगळी आहे. त्याचं चॅनल प्लगइन सिग्नलला एका वक्राने वाकवतं आणि बस प्लगइन उलट्या वक्राने सरळ करतं, खरा परिणाम मधल्या बेरजेत होतो. म्हणून चॅनलवालं साखळीत अगदी शेवटी, फेडरच्याही नंतर, आणि बसवालं बसवर सर्वांत आधी. मधे काहीही नको. फेडरनंतरचा इन्सर्ट मिळत नसेल तर फेडर ०वर ठेवून बॅलन्स आधीच्या ट्रिमने करा.

ड्रम ग्रुपवर बसवालं प्लगइन लावलं आणि मिक्स बसवरही लावलं, तर ठोका तीन वेळा घासला जातो. ग्रुपवरचा ड्राइव्ह कमी करा किंवा ते काढूनच टाका. पॅरलल कॉम्प्रेशन (मूळ आवाजात त्याचीच दाबलेली प्रत मिसळणं) असेल तर सिग्नल फुटण्याआधी इम्युलेशन हवं. एकाच फाट्यावर लावलं तर फेज (दोन प्रतींच्या लहरींचा मेळ) सरकतो आणि किकचा तळ पातळ होतो.

इम्युलेशन बॅलन्स करण्याआधीच लावून ठेवा. तयार मिक्सवर नंतर चढवलं की सगळे फेडर पुन्हा हलवावे लागतात.

झांजांचा वरचा भाग काचेसारखा टोचू लागला तर एलियासिंगचा (डिजिटल मर्यादेबाहेरचे स्वर दुमडून खाली येण्याचा) संशय घ्या. ९ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक २७ला पडतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या सेशनमध्ये तो मावत नाही आणि दुमडून १७.१ला येतो, मूळ स्वराशी काहीच नातं नसलेल्या जागी. प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चालू करा, निदान अंतिम रेंडरला तरी. आणि नॉइजचं बटण असेल तर ते बंदच बरं: एका चॅनलची सळसळ उणे ८०ला असेल तर ३२ चॅनलची मिळून उणे ६५पर्यंत चढते, आणि मास्टरवरचा कॉम्प्रेसर ती शांत जागी आणखी वर ओढतो.