मटणवाल्याकडून दिल आणा आणि रक्तवाहिन्या हाताने ओळखा

पुस्तकातल्या आकृतीत धमनी (हृदयातून रक्त बाहेर नेणारी) लाल आणि शीर (रक्त हृदयाकडे परत आणणारी) निळी, म्हणून पोरं रंगच पाठ करतात आणि मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळी का दाखवलीय ते त्यांना कळतच नाही. माझं ठाम मत आहे की रक्तवाहिनी तिच्या भिंतीवरून ओळखायला शिकवा, आणि त्याला बोकडाचं एक दिल पुरतं.

मटणवाल्याला आधीच सांगून ठेवा की वरच्या नळ्या छाटू नको, जमेल तेवढ्या लांब ठेव, नाहीतर तो सवयीने सगळं साफ करून देतो आणि बघण्यासारखं काही उरत नाही. घरी आणलं की ग्लोव्हज घालून गार पाण्यात धुवा, आतल्या रक्ताच्या गाठी बोटाने काढा. कात्री लगेच चालवू नका हं, आधी नुसतं दाबून बघा. जी बाजू कडक लागते ती डावी, कारण डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असते, त्याला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत.

आता नळ्या. जी कापलेली असूनही गोल उघडीच राहते, पिवळसर पांढरी आणि चिवट, ती महाधमनी. तिच्यात पेन्सिल सरकवली की डाव्या निलयात उतरते. तिच्या पुढून तिरकी जाणारी, थोडी पातळ, ती फुप्फुस धमनी, ही उजव्या निलयातून निघते. आणि ज्या पातळ, चपट्या पडलेल्या, तोंडं शोधावी लागतात त्या शिरा.

महाधमनीत वरून हळूहळू पाणी ओता. खाली तीन खिशांसारख्या झडपा फुगून एकमेकींना चिकटतात आणि पाणी थांबतं, पण नीट बघितलं तर पातळी हळूहळू उतरत असते. झडपा गळतात असं वाटेल, तसं नाहीये, झडपांच्या लगेच वर दोन बारीक भोकं असतात, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कोरोनरी धमन्या तिथूनच निघतात. मला तर सगळ्यात जास्त हेच आवडतं.

मग महाधमनीची अर्धा सेंटीमीटरची चकती कापा आणि ताणून सोडा, रबरबँडसारखी परत येते. शिरेच्या चकतीत तो जोर नाही. धमनीच्या भिंतीत तीन थर असतात, आतला गुळगुळीत चकचकीत, बाहेरचा तंतूंचा खरखरीत आणि मधला सगळ्यात जाड. महाधमनीच्या मधल्या थरात इलॅस्टिन, म्हणजे ताणलं की परत येणारं प्रथिन, खच्चून भरलेलं असतं, त्यामुळे ठोका पडला की ती फुगते आणि हृदय सैल पडलं की आवळून रक्त पुढे ढकलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही प्रवाह चालू राहतो.

शिरांमधल्या झडपा मात्र या दिलात शोधत बसू नका, त्या स्वतःच्या हातावर बघा. दंडाला रुमाल बांधा, मिनिटभरच, फार आवळून नाही. फुगलेल्या शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारून बोट उचला. वरचं रक्त झडपेपर्यंतच मागे येतं, त्याखालची शीर रिकामीच राहते, पहिलं बोट उचललं की खालून भरते. हा प्रयोग विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली छापला. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून हे मात्र त्याला दिसलं नाही, तो 1657 साली गेला आणि 1661 साली माल्पिघी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शिरेला जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, पाहिल्या, ज्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते.

अजून उत्साह असेल तर कोळणीकडून रोहू किंवा कटल्याचं डोकं कल्ल्यांसकट आणा. कल्ल्यांच्या मागे खालच्या बाजूला छोटं हृदय सापडेल, एकच अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा), एकच निलय, रक्त आधी कल्ल्यांत आणि तिथून थेट अंगभर, मधे परत हृदयात येणं नाही. निलयाच्या पुढे पांढरा फुगीर भाग असतो, प्रत्येक ठोक्याचा दाब सौम्य करून नाजूक कल्ल्यांकडे रक्त एकसारखं सोडायचं काम त्याचं. तो आणि शेजारचा लाल निलय आळीपाळीने चिमटीत धरा, मग महाधमनीची चकती पुन्हा एकदा ताणून बघा.