जुना हायड्रो गार्डन ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

जुना हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी पंपाने ढकललेल्या ऑइलच्या प्रेशरवर चाकं फिरवणारा) बागेतला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आणि महिन्याभरात "पंप गेला हो" म्हणत फोन करायचा, हे ऐकून ऐकून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. कब कॅडेट 123 आला 1965 ला, जॉन डिअर 140 आला 1968 ला, म्हणजे मशिनं पन्नाशी ओलांडलेली आहेत. तरी जपली तर आजही काम करतात, वाट लागते ती बहुतेक वेळा आपल्या घाईने.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थंड ट्रॅक्टर चालवून बघून सौदा करणं. माझा पहिला ट्रॅक्टर मी असाच घेतला. विकणाऱ्याने स्टार्ट केला, पुढे-मागे झकास पळाला, दहा मिनिटांत पैसे दिले. घरी आणून गवत कापायला लावला तर अर्ध्या तासात चढावर हळू हळू होत जागेवरच थांबला, इंजिन मात्र मजेत चालू. तासभर थंड होऊ दिला की परत पळायचा! कारण साधं आहे, थंड ऑइल घट्ट असतं, ते पंपाची झीज झाकतं, गरम होऊन पातळ झालं की झिजलेल्या पिस्टनच्या बाजूने आतल्या आत गळतं आणि चाकांपर्यंत प्रेशर पोचतच नाही. तेव्हापासून मी किमान अर्धा-पाऊण तास चालवतो, मग चढावर नेतो. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर मी सरळ निघून येतो.

दुसरी चूक, ट्रॅक्टर हलेना म्हटलं की आधी हायड्रो, म्हणजे पंपाचा अख्खा भाग, उघडणं. याचा मला खरंच राग येतो. एका ओळखीच्याने दोन दिवस खपून अख्खा पंप टेबलावर मांडला, गोठ्यातल्या धुळीत, आणि मला बोलावलं. मी इंजिनाकडून पंपाकडे जाणारा शाफ्ट बघितला तर त्याच्या जोडाची (कपलिंगची) पिन तुटलेली, बोटाएवढी पिन! इंजिन फिरत होतं पण पंप फिरतच नव्हता. पंपाला काही झालेलं नव्हतं, त्यात धूळ मात्र गेली आणि या पंपाला धूळ म्हणजे विष. आधी बाहेरचं बघा: ऑइलची लेव्हल, लिंकेज (लिव्हर पंपाला जोडणाऱ्या दांड्या), आणि इंजिन चालू असताना पंपाच्या तोंडावरचा पंखा फिरतोय का (लांबून बघा, हात घालू नका). पाना त्यानंतर.

ऑइल "कुठलंही चालतं" हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं हायड्रॉलिक ऑइल लागतं, व्हील हॉर्स ट्रॅक्टरच्या काही मॉडेलना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) तर काहींना इंजिन ऑइल, त्यामुळे तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, फेस येऊन पंप शिट्टी मारत असेल तर सक्शनकडून, म्हणजे ऑइल ओढायच्या बाजूने, हवा ओढतोय. आणि गाडीचा ऑइल फिल्टर थ्रेड बसतो म्हणून लावू नका, या फिल्टरमधून पंप ऑइल ओढून घेतो, फिल्टर अडला तर पंप उपाशी राहतो. मी डिपस्टिक काढायच्या आधी भोवतीचं गवत-माती फडक्याने पुसतो, दरवेळी.

पंप थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये (बाहेरच्या पट्ट्यांमध्ये) गवत साचू देऊ नका. पंख्याचं एक पातं तुटलं तरी बदला.

न्यूट्रलला ट्रॅक्टर सरकतो म्हणून ब्रेक दाबून दिवस काढू नका, लिंकेज अ‍ॅडजस्ट करा, त्यातली झिजलेली खाच भरून घ्या.

यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरना असलेल्या कोहलर कंपनीच्या एक सिलिंडरच्या के सिरीज इंजिनात ऑइल पंप नसतो, ऑइल उडून भागांवर पडतं, म्हणून लेव्हल कमी ठेवून तिरक्या उतारावर तासन् तास चालवू नका.

आणि बंद ट्रॅक्टर ढकलायचा असेल तर आधी पंपाचा रिलीज व्हॉल्व्ह (चाकं मोकळी करणारा) उघडा, दोरी बांधून ओढत तर मुळीच नेऊ नका, ट्रेलरवर चढवा.