लाइटवाले केस फॅन घेताना

केस फॅन म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली (केसमधली) हवा खेळती ठेवणारा पंखा. तो घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी मदरबोर्डचं (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डचं) मॅन्युअल उघडा. लाइटचं हेडर (बोर्डवर वायर जोडायच्या पिना) ५ व्होल्ट, ३ पिनचं (एआरजीबी, प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठेवता येतो) आहे की १२ व्होल्ट, ४ पिनचं (आरजीबी, सगळ्यांचा रंग एकच)? ५ व्होल्टचा फॅन १२ व्होल्टवर जोडला की एलईडी जळालेच. म्हणून प्लग कधीच जोर लावून बसवू नका. फिरण्याची वायर वेगळी असते, ती ४ पिन पीडब्ल्यूएमच (फॅनचा वेग कमी-जास्त करता येणारी) घ्या. फॅन हेडर साधारण १ अँपिअरचं असतं. जास्त फॅन असतील तर पॉवर सप्लायच्या साटा वायरवरून वीज घेणारा हब (अनेक फॅन एकत्र जोडायचा छोटा बोर्ड) लावा.

केसमध्ये १२० मिमी बसतो की १४०, तेही मोजा. पुढून हवा आत घेणारे दोन फॅन, मागून बाहेर टाकणारा एक, एवढं बहुतेकांना पुरतं. मुंबईच्या धुळीत पुढची जाळी मात्र हवीच, आणि ती महिन्याला झटका.