दुसऱ्याचा घड मोजणं कसं थांबवायचं

मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कापणीला आला की आमच्या यावल-रावेर भागात सगळ्यांच्या फोनवर केळीच्या घडांचे फोटो सुरू होतात. चार वर्षं मी ते बघत होतो आणि दर फोटोगणिक स्वतःच्या शेतात जायची इच्छा थोडी कमी व्हायची. माझ्या वयाची गावातली बरीच पोरं यातच अडकलेली दिसतात, म्हणून मी त्यातून कसा निघालो ते सांगतो.

आमची 4 एकर जमीन सातपुड्याच्या पायथ्याकडे, हलकी, हातभर खाली मुरूम. माझ्या शाळेतल्या मित्राची तापीकाठी, काळी, खोल. त्याचा घड 25 किलोचा. मी त्याचंच सगळं उचललं: तीच टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं, तेच 5 बाय 5 फुटांचं अंतर, म्हणजे एकरी साधारण 1,740 झाडं, तीच खतं, त्याच तारखांना. मे महिन्यात बोअरचं पाणी निम्म्यावर आलं. गरम वाऱ्याने पानं फाटली. घड भरले 13-14 किलोचे, व्यापाऱ्याने भाव पाडून नेले आणि कर्ज अंगावर राहिलं. तरी मी स्वतःलाच आळशी म्हणत होतो. जमिनीचा विचार मनात आलाच नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे जा आणि विचारा. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे त्याचं, उजवीकडे माझं: माती, पाणी, घरात कामाला किती हात, कर्ज किती, सुरुवात कोणी करून दिली. तेव्हा कळलं की आदल्या वर्षी त्याच्या बागेत सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला होता आणि शेकडो रोपं उपटून बांधाबाहेर टाकावी लागली होती. त्याचा फोटो त्याने कुणाला पाठवला नव्हता. सांगताना त्याचा आवाज बसला. माझा हेवा त्या दिवशी संपला नाही, पण त्याची धार गेली. विचारायला लाज वाटते, तरी विचारा.

मग आठवा, लोक आपणहून तुमच्याकडे कशासाठी येतात. आमच्याकडे यायचे ते आईच्या भरिताच्या वांग्यांसाठी. हिरवट पांढुरकी, मोठी, बिया कमी. आई दरवर्षी घरचंच बी राखून दोन ओळी लावायची, आणि थंडी पडून शेतोशेती भरीत पार्ट्या सुरू झाल्या की माणसं पिशव्या घेऊन दारात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन एकाच वर्षी मिळालं, 2016 मध्ये. पण माझ्या डोक्यात केळी लावतो तोच बागायतदार. वांगी काय, कोणीही लावतं.

लहान तुकड्यावर सुरुवात करा. मी अर्ध्या एकरात वांगी लावली. शेंडे पोखरणारी अळी आली, तर सुकलेले शेंडे रोज सकाळी खुडून नष्ट केले, अळीचे नर पतंग वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावले. विहिरीजवळ एक एकर केळी ठेवलीच. आपल्यासारखं जगायचं म्हणून घर चालवणारं पीक मोडू नका.

सगळ्यात अवघड गेलं ते तोंडाने म्हणणं. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लग्नात पाहुणे विचारणारच, "काय लावलं यंदा?" पूर्वी मी फक्त केळी सांगायचो. आता वांगी आधी सांगतो. पहिल्यांदा समोरचा गप्प झाला आणि माझे कान तापले. पाच-सहा वेळा म्हटल्यावर आवाज सरळ येऊ लागला. माझी चुलत बहीण पुण्यात नोकरीला आहे. आईचा फोन आला की आपली बोली कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ती जिन्यात जायची. तिला म्हटलं, एक वाक्य जागेवर बसून बोल, मग ऊठ. आता ती जागेवरूनच बोलते.

फोनवरचे स्टेटस दोन महिने बंद ठेवा, त्याने बरं वाटतं. पण वही सोडू नका. माझ्या वहीत आता रेघेच्या डावीकडे मागच्या वर्षीचा मी आहे: तोडा किती किलो, खर्च किती, भाव काय, आणि झोप लागली की नाही.

बाबांना हे अजून पटलेलं नाही. कंद डोक्यावर वाहून त्यांनी ती बाग उभी केली, ती कमी झालेली बघून त्यांना वाईट वाटणारच. मी वाद घालत नाही. संध्याकाळी वही त्यांच्यासमोर ठेवतो. ते ती उघडत नाहीत, पण भरीत करायचं ठरलं की वांगी भाजायला कपाशीच्या काड्या आणायला तेच उठतात.